टँकर मोजले, माती कोणी मोजली?

दर वर्षी मार्च सरत आला की महाराष्ट्रात टँकरची मोजदाद सुरू होते. कोणत्या तालुक्यात किती टँकर, कोणत्या धरणात किती टक्के साठा, हे आकडे रोज छापून येतात. त्यांवरून विधानसभेत गदारोळ होतो, पालकमंत्र्यांचे दौरे निघतात. जूनमध्ये दोन पाऊस झाले की मोजदाद थांबते. पण एक आकडा या सगळ्या गलक्यात कोणाच्याच तोंडी नसतो. इस्रोच्या अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने २०१६ मध्ये देशातल्या वाळवंटीकरणाचा आणि जमिनीच्या ऱ्हासाचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. २०११ ते २०१३ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून देशातली ९ कोटी ६४ लाख हेक्टर, म्हणजे एकूण भूभागापैकी २९.३२ टक्के जमीन खालावत चालल्याची नोंद त्यात होती. २०२१ मध्ये पुढची आवृत्ती आली तेव्हा हा आकडा ९ कोटी ७८ लाख हेक्टरांवर गेला होता. राजस्थान आणि गुजरात या यादीत वर असणार, हे कोणीही सांगेल. पण महाराष्ट्राचीही जवळपास ४५ टक्के जमीन त्या नकाशावर रंगलेली आहे, आणि त्यावर आपल्याकडे म्हणावी तशी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

वाळवंट म्हटलं की जैसलमेरकडच्या वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे वाळूचे डोंगर नाहीत, म्हणून आपण निर्धास्त असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४च्या ज्या करारावर भारताने १९९६ मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्याच्या व्याख्येत वाळूचा संबंधच येत नाही. कोरड्या आणि निमकोरड्या पट्ट्यातली जमीन हवामानातल्या बदलांमुळे आणि माणसाच्या व्यवहारामुळे खालावत जाणं, एवढंच त्यात म्हटलं आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, नगरकडचे कर्जत-जामखेड, बीडचे आष्टी-पाटोदा, धाराशिवचे भूम-परांडा हा सगळा मुलूख त्या व्याख्येत चपखल बसतो.

मला जे सांगायचं आहे ते इतकंच. दुष्काळ पावसाचा असतो, तो येतो आणि जातो. ओसाडी जमिनीची असते, आणि एकदा आली की ती पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या राशीला बसते. गेली पन्नास वर्षं आपण सगळं धोरण दुष्काळासाठी आखलं, ओसाडीसाठी काहीच आखलं नाही. त्याहून वाईट हे, की दुष्काळावर म्हणून जे उपाय केले त्यातल्या बऱ्याच उपायांनी ओसाडी वाढवली.

सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या या पट्ट्यात वर्षाला साधारण साडेचारशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. खऱ्या वाळवंटाच्या मानाने हा पाऊस पुष्कळ आहे. पण तो पडतो कसा, हे पाहायला हवं. जून-जुलै बहुधा भुरभुरीवर जातात, आणि ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरात दोन-चार दणके बसतात. उतारावरची माती वीतभर, कुठे चार बोटं. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा कातळ. उन्हाने भुगा झालेल्या उघड्या रानावर असा दणका बसला की वरचा थर पाण्याबरोबर निघतो. पहिल्या वर्षी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण माती सगळ्या रानावरून सारखी, पातळ पापुद्र्यासारखी जाते. रानात ओघळी आणि घळी दिसायला लागतात तेव्हा चांगली माती आधीच गेलेली असते. देशभरात दर वर्षी ५३३ कोटी टन माती जागची हलते, असा अंदाज मृदसंधारणाच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला. हेक्टरी सोळा टनांहून थोडा जास्त. त्यातली सुमारे २९ टक्के माती कायमची समुद्राला मिळते, १० टक्के धरणांच्या तळाशी जाऊन बसते. आणि कातळ झिजून इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

माती गेली म्हणजे फक्त कस गेला असं नाही. ओल धरण्याची जागाच गेली. दोन हात खोल काळ्या रानात सप्टेंबरची ओल मुरलेली असेल तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, एकही पाणी न देता जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तग धरतो आणि कणीस भरतो. मालदांडी ज्वारीची ख्याती याच ओलीवर उभी आहे, मंगळवेढ्याची कोठारंही याच ओलीवर भरली. तोच शाळू वीतभर मातीत पोटऱ्यात येण्याआधी माना टाकतो. दोन्ही रानांवर पाऊस सारखाच पडलेला असतो. एकाला सुकाळ, दुसऱ्याला दुष्काळ. पर्जन्यमापकावर ‘सरासरीइतका’ पाऊस दिसत असतानाही गावात पीक का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. आभाळाने दगा दिला असं आपण म्हणतो, पण पायाखालची जमीन पाऊस साठवायला शिल्लक राहिलेली नसते. पुढे जाऊन पाऊस अधिक लहरी होणार आहे, दोन पावसांमधले खंड लांबणार आहेत, दणके अधिक जोराचे बसणार आहेत. तेव्हा वीतभर मातीवाल्याचं काय होईल, याचा विचार आजच करायला हवा.

जुन्या लोकांना हे शिकवावं लागलं नाही. माणदेशात उतारावरच्या रानात दगड रचून, त्याला माती लावून ताली टाकायची रीत होती. वरून आलेली माती तालीला अडायची आणि काही पावसाळ्यांत बांधाच्या वरच्या अंगाला कसदार पट्टा तयार व्हायचा. तालीची दुरुस्ती हे शेतकरी उन्हाळ्यातलं पहिलं काम मानायचा. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं, त्यानेही सांगितलं ते हेच: बांध घाला, आडवं पेरा, पावसाआधी कुळवाच्या पाळ्या घाला, पेर विरळ ठेवा. मुंबई इलाख्याने १९४२ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा केला आणि सोलापूर-विजापूरकडे हजारो एकरांवर बांधबंदिस्ती झाली. पुढे १९७२च्या दुष्काळात लाखो माणसांनी कामं केली. वि. स. पागे यांनी विसापूरला आधीच करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. त्या कामांत रस्ते आणि खडी पुष्कळ होती, पण नालाबांध, पाझर तलाव आणि शेतांवरचे बांधही होते. कामाला मजुरी मिळत होती आणि गावात माती टिकत होती. या राज्याने केलेल्या चांगल्या कामांपैकी हे एक, असं मला मनापासून वाटतं.

मग बांध गेले कुठे? वाटण्या झाल्या. दहा एकरांचे पाच तुकडे झाले, आणि तेही बहुतेक वेळा उताराच्या दिशेने, कारण प्रत्येकाला वरचं बरड आणि खालची काळी यांत वाटा हवा. लांबट पट्टीत आडवी नांगरट करायची तर ट्रॅक्टर दर चाळीस पावलांवर वळवावा लागतो, त्याचं डिझेल कोण देणार? म्हणून तास उतारावरून सरळ खाली जातात आणि प्रत्येक तास पाण्याची वाट होतो. बांध कोरण्याची आपली जुनी खोड यंत्राने शंभरपट केली. पूर्वी कुदळीने वर्षाला चार बोटं कोरली जायची, आता जेसीबी तासाभरात ताल सपाट करतो. रोटाव्हेटर मातीचं पीठ करून ठेवतो आणि पहिल्या वळिवात ते पीठ ओढ्यात जातं. त्यात जनावरं कमी झाली, शेणखत रानात पडेनासं झालं. सेंद्रिय कर्ब नसला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. यातली एकही गोष्ट शेतकऱ्याने जमिनीच्या वैरापोटी केलेली नाही. प्रत्येक गोष्टीमागे त्या वर्षाचा हिशेब आहे, आणि बांध राखणाऱ्याला त्या हिशेबात एक पैसाही मिळत नाही.

शेताबाहेरच्या जमिनीची कथा आणखी दुखावणारी आहे. या पट्ट्यातली माळरानं ही काही जंगल तोडून ओस पडलेली जागा नाही. मारवेल, पवन्या, कुसळीच्या गवतांचा तो स्वतंत्र, जुना प्रदेश आहे. लांडगा, खोकड, चंडोल तिथले, आणि माळढोकही तिथलाच. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झालं आणि आज तिथे तो जवळपास दिसेनासा झाला आहे. या माळावर खिल्लार जनावरं पोसली, जतकडची माडग्याळ मेंढी वाढली. धनगरांचे वाडे पावसाळ्यात माळावर आणि दिवाळीनंतर कोकणात, असं वर्ष फिरायचं. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलवायचा, त्याबद्दल धान्य द्यायचा, आणि रान लेंडीखताने तयार व्हायचं. सरकारी दप्तराने मात्र माळाला पडीक ठरवलं. केंद्राच्या नकाशांत खुरटं रान आणि गवताळ माळ हे पडीक जमिनीच्याच रकान्यात पडतात. एकदा पडीक ठरलं की मग त्या जमिनीचं काहीही करता येतं: औद्योगिक वसाहत, सौर प्रकल्प, मुरमाची खाण, नाहीतर वृक्षलागवडीचं उद्दिष्ट. २०१९च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यासाठी गवताच्या माळावर खड्डे खणून गिरिपुष्प लावलं, की मुळांनी धरून ठेवलेली माती आपणच मोकळी करतो. झाडं जगली तर सावलीत गवत मरतं, झाडं मेली तर खड्डे राहतात.

मेंढीने माळ खाल्ला, हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो आहोत. त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कोणाचाच धरबंध नसलेल्या माळावर, गवत बी धरण्याआधी, हजारो जनावरं फिरली तर माळ उघडा पडतोच. पण आधी निम्मा माळ काढून घ्यायचा, उरलेल्या निम्म्यावर सगळी जनावरं दाटायची आणि मग मेंढपाळाला दोषी धरायचं, हा न्याय नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. निदान या वर्षात तरी महसूल खात्याने माळाच्या नोंदी पुन्हा तपासाव्यात.

आता पाण्याकडे येतो, कारण आपलं सगळं लक्ष तिथेच असतं. १९७२ नंतर बोअरची यंत्रं गावोगाव आली. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग कातळाचा. या कातळात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. त्याखाली गेलं तर एखादी भेग लागते, नाहीतर धुरळा निघतो. विहिरी आटल्या म्हणून दोनशे फूट, दोनशे आटलं म्हणून पाचशे, असं करत आपण पूर्वजांच्या काळात मुरलेलं पाणी उपसून काढलं. राज्याच्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी आहे. कायदा २००९चा, अंमल २०१४ पासून, आणि बोअरच्या गाड्या दिवसाढवळ्या फिरताहेत. शेततळ्यांचंही तेच. पावसाचं वाहतं पाणी अडवायला म्हणून आणलेली योजना, पण प्लास्टिकचा कागद अंथरून मोठमोठी तळी विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या नावावर उन्हात वाळत ठेवायचं, याला जलसंधारण कसं म्हणायचं?

राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर झालेल्या ९,६३३ कोटी ७५ लाख रुपयांच्या खर्चानंतरही भूजल पातळी वाढवण्यात आणि गावांना पाण्याबाबत स्वयंपूर्ण करण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये ठेवला. या योजनेत चांगली कामंही झाली, लोकांनी श्रमदान केलं, ते मी नाकारत नाही. पण भर कशावर होता? नाला खोलीकरणावर. कारण यंत्राने ते काम लवकर होतं, त्याचं मोजमाप सोपं असतं आणि पाणी साठलं की फोटो छान येतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, म्हणजे आधी डोंगरावरचे सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग शेतांचे बांध, आणि सगळ्यात शेवटी नाला, हा क्रम मृदसंधारणाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला पाठ असतो. आपण तो उलटा केला. वरची माती सैल राहिली, आणि ती दोन पावसाळ्यांत खोल केलेल्या नाल्यात येऊन बसली. उजनी आणि जायकवाडीत साचणारा गाळही हाच, आपल्या रानातून गेलेला. २०१७ पासून राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना चालवली, गाळ उपसून शेतात नेण्यासाठी. गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याचा फायदा होतो, तो होऊ द्या. पण जी माती बांधाला अडवायला थोडी मजुरी पुरली असती ती धरणाच्या तळातून डंपरने परत आणायची वेळ येणं, हा धोरणाचा पराभव आहे.

ओसाडीचं दुसरं रूप ओल्या मुलखात आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे या शेतीशास्त्रज्ञांना नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध करावा लागला. म्हणजे काळ्या जमिनीला बारमाही पाणी पाजलं की काय होतं, हे आपल्याला एकशे पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. काळ्या चिकण मातीतून पाण्याचा निचरा हळू होतो. उसाला पाटाने भरमसाट पाणी दिलं की जमिनीखालची पातळी वर येते, पाणी क्षार घेऊन वर चढतं, उन्हाने पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. रान पांढरं पडतं. सोडियम वाढला की जमीन चोपण होते. पावसात ती लोण्यासारखी होते, उन्हात दगडासारखी, आणि बियाणं उगवतच नाही. वाळवा, मिरज, शिरोळ या कृष्णाकाठच्या तालुक्यांत हजारो हेक्टर जमीन अशी वाया गेली आहे. एकेकाळी एकरी ऐंशी-नव्वद टन ऊस काढणारे बागायतदार स्वतःच्या रानात बाभळी बघत बसले. शिरोळकडे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायला सुरुवात केली आहे आणि त्याने जमिनी परत पिकाखाली येताहेत. पण खर्च मोठा आहे आणि एकट्याने करता येत नाही, कारण निचऱ्याचं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर खालच्या सगळ्यांची संमती लागते.

सांगली जिल्ह्याचाच विचार करा. पश्चिमेला जमीन जास्त पाण्याने मेली, पूर्वेला जत-आटपाडीकडे माती वाहून गेल्याने. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या हाती उरली ती नापीक जमीन. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालात वारंवार सांगितलं आहे की महाराष्ट्रात एकूण पिकाखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा घेतो. मांजरा खोऱ्यात, जिथे पाऊस कमी, तिथेही साखर कारखाने उभे राहिले, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं.

हे चक्र पूर्ण करणारी माणसं आपल्याला दर दिवाळीनंतर रस्त्यावर दिसतात. बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी, जतकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून ऊसतोड कामगार पश्चिमेकडे जातात. त्यांच्यातल्या अनेकांची दोन-चार एकर जमीन आहे. तिच्यावर माती असती, ओल टिकली असती, तर रब्बीचा शाळू आणि हरभरा सोडून ते कोयता घेऊन निघाले नसते. ज्या पिकाने पाणी ओढून घेतलं आणि नदीकाठच्या जमिनी खारवल्या, तेच पीक तोडायला ओसाड रानांचे मालक जातात. मुलं शाळेतून उठतात, नाहीतर आजीकडे राहतात. बायका पहाटे तीनला उठून फडात उतरतात, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला शासनाला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली. वाळवंटीकरणाच्या परिणामांबद्दल लिहिताना वाळूची वादळं आणि जैवविविधता यांचा उल्लेख होतो. आपल्याकडे त्याचा परिणाम बाईच्या शरीरापर्यंत गेलेला आहे, आणि हे लिहिताना मला राग आवरत नाही.

ओसाडी उलटवता येते का? येते, पण सावकाश. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यात १९६८ ते १९७३ या काळात भीषण अवर्षण पडलं, त्यातूनच १९७७ मध्ये नैरोबीला वाळवंटीकरणावरची पहिली जागतिक परिषद भरली. तेव्हा सगळा दोष गुराख्यांच्या माथी मारला गेला. पुढच्या संशोधनाने दाखवलं की समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानातल्या बदलांचा त्या अवर्षणात मोठा हात होता. पण महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. नायजर देशाच्या मराडी आणि झिंडर भागांत शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नवी रोपं लावण्याऐवजी रानातल्या जुन्या खुंटांना फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली. सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. त्यामागे एक कायद्याची गोष्ट होती. वसाहतकाळापासून शेतातलं झाडही सरकारच्या मालकीचं मानलं जायचं, त्यामुळे कोणी ते वाढवत नसे. तो अंमल सैल झाला, झाड माझं आहे असा भरवसा आला, आणि झाड वाढलं. शेजारच्या बुर्किना फासोमध्ये याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने टणक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच छोटे खड्डे काढून त्यांत शेणखत टाकायची जुनी रीत सुधारली, वाळवी त्या खताला येऊन माती भुसभुशीत करायची, आणि पहिला पाऊस त्या खड्ड्यात मुरायचा. २०१८ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

लांब जायचीही गरज नाही. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, डोंगरावर चर काढले. पण पोपटराव पवारांच्या गावाचं खरं मोठेपण त्यानंतरच्या नियमांत आहे: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि दर वर्षी पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. त्याही आधी, १९७०च्या दशकात, विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पाणी जमिनीला न जोडता माणसाला जोडायचं, ही कल्पना इतकी न्याय्य होती की राज्याने ती उचलायला हवी होती. आपण साळुंखेंचे सत्कार केले आणि कालवे पूर्वीसारखेच चालवले.

यावर मला विचारलं जाईल, मग दुष्काळी भागाला पाणी नको का? हवंच. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख यांच्यासारख्या माणसांबरोबर माणदेशातल्या हजारो लोकांनी कृष्णेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. आटपाडीच्या पाणी परिषदांत समन्यायी वाटपाची मागणी होती, आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तिकडे पोहोचलं तेव्हा त्या मागणीचं मोल कळलं. पण आता टेंभूचं पाणी आलेल्या गावांत उसाचे फड दिसायला लागले आहेत. शेतकऱ्याला मूर्ख समजायचं कारण नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे, कारखाना ऊस नेतो, बँक त्यावर कर्ज देते. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही. म्हणून तो ऊस लावतो. तेव्हा नुसत्या ‘ऊस लावू नका’ या उपदेशाला मला काही किंमत वाटत नाही. शाळू, बाजरी, हुलगा, मटकी, करडईची सरकारी खरेदी झाली, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहारात ही धान्यं जिल्ह्यातूनच घेतली गेली, तर उसापुढे उभं राहण्याइतका दम त्यांच्यात येईल. आणि या पिकांचा कडबा आणि भुसकट जनावरांना, जनावरांचं शेण रानाला, ही साखळी पुन्हा जुळेल.

मातीचं काय, हे मात्र यातूनही सुटत नाही, म्हणून एक ठोस मागणी मांडतो. २०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यावर नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब अशा बारा गोष्टी असतात. मातीची खोली नसते. म्हणजे रान वीतभर आहे की दोन हात, आणि दहा वर्षांपूर्वी किती होतं, याची नोंद ठेवायची सोयच नाही. पीक बुडालं की पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, निघते; पूर्वी ती पन्नास पैशांखाली गेली की दुष्काळ जाहीर व्हायचा, सवलती लागू व्हायच्या. जमीन बुडाल्याची पैसेवारी कोणी काढत नाही. दुष्काळी तालुक्यांत दर गटाची मातीची खोली, उतार आणि बांधांची स्थिती दर पाच वर्षांनी मोजावी आणि सातबाऱ्याला जोडावी. हे काम अवघड नाही. पहार, टेप आणि गावातली शिकलेली चार मुलं एवढं पुरतं, आणि त्याची मजुरी रोजगार हमीतून देता येते.

एकदा ही मोजणी झाली की पुढचे निर्णय आपोआप स्पष्ट व्हायला लागतील. ताल राखणाऱ्याला, आडवी पेरणी करणाऱ्याला एकरी ठरावीक रक्कम देता येईल, जशी आज ठिबकला देतो. यंत्राने बांध सपाट करणाऱ्यावर कारवाईला पुरावा मिळेल. नाला खोल करण्याचा प्रस्ताव आला तर वरच्या अंगाचे चर आणि बांध झाले आहेत का, हे विचारता येईल, आणि झाले नसतील तर तो परत पाठवता येईल. गवताचा माळ पडीक या रकान्यातून काढून कुरण म्हणून नोंदवता येईल आणि त्याची चराई मेंढपाळांना बरोबर घेऊन पाळीपाळीने ठरवता येईल. कालव्याच्या लाभक्षेत्रात निचऱ्याची सोय नसलेल्या काळ्या रानात बारमाही पिकाला परवानगी द्यायची नाही, हेही मग अंदाजावर नाही, मोजमापावर सांगता येईल.

पाणलोटाच्या कामांत आज दर हेक्टरी किती खर्च झाला आणि किती टीसीएम (हजार घनमीटर) साठा निर्माण झाला, हे दोन आकडे मंत्रालयात जातात. तिसरा आकडा मागा: या गावातून यंदा किती माती कमी गेली. तो द्यावा लागेल असं कळलं की जलसंधारणाचे अधिकारी नाल्याकडून वळून डोंगरमाथ्यावर चढतील, कारण तो आकडा खाली नाल्यात सापडत नाही.